सौंसरचा खडक आणि नखावरची चमक

सौंसर म्हटलं की संत्री आठवतात, पण भूशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव खडकांसाठी येतं. छिंदवाडा, पांढुर्णा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा, धनुष्यासारखा वाकलेला एक प्राचीन खडकांचा पट्टा जातो. त्याला 'सौंसर समूह' म्हणतात. देशोदेशीचे संशोधक आपल्या निबंधांत हे नाव लिहितात, ते 2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्याचं. मँगनीजसाठी हा पट्टा प्रसिद्ध आहे. पण त्यात आणखी एक खनिज ठासून भरलेलं आहे, आणि ते आपल्यापैकी अनेकींच्या पर्समध्ये रोज असतं. ते खनिज म्हणजे अभ्रक.

शॅम्पेन रंगाची आयशॅडो, गालाच्या हाडावर लावायचा हायलायटर, ओठांवरचा मोतिया ग्लॉस, रोझ गोल्ड नेलपॉलिश. मनिहारीच्या दुकानात या बाटल्या आणि डब्या रांगेत मांडलेल्या असतात आणि आपण त्यांच्याकडे 'रंग' म्हणून बघतो. खरं तर त्यांच्यात रंगद्रव्याहून महत्त्वाचं काम करते ती रचना: कण किती पातळ आहे, किती रुंद आहे आणि कोणत्या दिशेला पडून आहे. ही रचना समजली की रोजच्या वापराला कोणती छटा घ्यावी, ती आपल्या त्वचेवर कशी दिसेल आणि तीच छटा मैत्रिणीवर वेगळी का दिसते, या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

चिखलाचा झाला आरसा

सौंसर समूहातले खडक मुळात समुद्राच्या तळाशी साचलेले वाळू, चुना आणि चिखल यांचे थर होते. पुढे भूखंडांच्या रेट्यात ते खोलवर दाबले गेले, तापले आणि त्यांचं रूप पालटलं. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चुन्याचा संगमरवर झाला आणि चिखलाचा अभ्रकी शिस्ट झाला. ही घडामोड सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारजवळ खडकांचे प्रचंड थर एकमेकांवर दुमडून सरकले आहेत, हे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिलं. हेच वेस्ट पुढे सागर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

चिखलातल्या मातीच्या खनिजांना उष्णता आणि दाब मिळाला की त्यांच्यापासून मस्कोव्हाइट नावाचं पांढरं अभ्रक आणि बायोटाइट नावाचं काळपट अभ्रक तयार होतं. अभ्रकाच्या स्फटिकात सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे थर असतात. थरांच्या आतली बांधणी घट्ट असते, पण दोन थरांना धरून ठेवणारा पोटॅशियमचा बंध कमजोर असतो. म्हणून अभ्रक वहीच्या पानांसारखं सुटत जातं आणि सुटलेलं प्रत्येक पान आरशासारखं गुळगुळीत निघतं.

शिस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि आपल्या विषयाचं मर्म तीच आहे. दाबाखाली वाढताना अभ्रकाचे पापुद्रे वाटेल तसे वाढत नाहीत. दाबाच्या आडव्या दिशेला, एकमेकांना समांतर असे ते लोळतात. लाखो पापुद्रे एकाच दिशेला तोंड करून असल्यामुळे अशा खडकाचा तुकडा हातात धरून तिरका केला की एका ठरावीक कोनात तो अख्खा झळकतो आणि थोडा वळवला की मंद होतो. नखावरच्या मेटॅलिक नेलपॉलिशचं तंत्र नेमकं हेच आहे. खडकात जे घडायला युगं लागली, ते बाटलीतल्या रसायनांनी नखावर दोन मिनिटांत घडवायचं असतं.

अभ्रकाची चमक हवी की नको

आपल्याकडे अभ्रकाचा अभ्यास भूशास्त्राच्या फार आधी रसशास्त्राने केला. रसग्रंथांत अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत: पिनाक, नाग, मंडूक आणि वज्र. विस्तवावर टाकल्यावर ते कसे वागतात, त्यावरून ही विभागणी. पिनाक पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतं, नाग फुत्कारतं, मंडूक उड्या मारतं आणि वज्र जसंच्या तसं राहतं. औषधासाठी वज्राभ्रक घ्यावं, असा दंडक.

अभ्रकभस्म नीट तयार झालं की नाही हे ओळखण्याची कसोटी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. भस्म उन्हात धरायचं. त्यात एकही चमकता कण दिसता कामा नये. अशा भस्माला 'निश्चंद्र' म्हणतात. चमक दिसली तर पुन्हा पुट द्यायचं, म्हणजे पुन्हा भट्टी. ही कसोटी मुख्यतः कणाच्या रचनेची आहे. पापुद्रा सपाट आणि रुंद असेपर्यंत तो आरशाचं काम करतो. तो मोडून अतिसूक्ष्म झाला की प्रकाश एका दिशेला परतवण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि चमक नाहीशी होते.

सौंदर्यप्रसाधनांचं शास्त्र याच मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभं आहे. तिथे चमक मारायची नसते, मोजून-मापून ठेवायची असते. पापुद्रे साधारण 15 मायक्रोमीटरहून लहान असतील तर रेशमासारखी मऊ, झाकणारी झळाळी मिळते. तिला बाजारात 'सॅटिन' म्हणतात. 10 ते 60 मायक्रोमीटरच्या पापुद्र्यांनी मोत्याची चमक येते. हे झालं 'शिमर'. 100 मायक्रोमीटरच्या पुढे गेलं की प्रत्येक कण डोळ्याला सुटा दिसू लागतो आणि चेहरा लुकलुकतो. माणसाचा केस 50 ते 100 मायक्रोमीटर जाड असतो, यावरून या आकारांचा अंदाज यावा. ऑफिसात, शाळेत, बँकेत रोज लावायचं असेल तर पहिली निवड सॅटिनची का करावी, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. उन्हात सुटे चमकते ठिपके दिसत नाहीत, त्वचाच उजळल्यासारखी वाटते.

रंग नसलेल्या पदार्थांतून रंग

नुसतं अभ्रक चमकतं, पण फिकं. मोत्याची झळाळी माणसाला हवी होती आणि ती पकडण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. सतराव्या शतकात पॅरिसच्या जाकँ नावाच्या मणी बनवणाऱ्या कारागिराने माशांच्या खवल्यांतला चमकदार अर्क काढून काचेच्या पोकळ मण्यांना आतून फासला आणि नकली मोती बनवले. त्या अर्कातली चमक ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या सपाट स्फटिकांची होती. पुढे शिशाचे चकाकते क्षार वापरून पाहिले गेले, पण ते विषारी. खरी वाट सापडली 1960 च्या दशकात: अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप चढवायचा.

हा लेप किती पातळ, यावर सगळं ठरतं. अभ्रक प्रकाशाला थोडं वाकवतं, टायटॅनियम डायऑक्साइड खूप जास्त वाकवतं. त्यामुळे लेपाच्या वरच्या पृष्ठावरून काही प्रकाश परततो, तर काही आत शिरून खालच्या पृष्ठावरून परततो. हे दोन्ही किरण बाहेर येताना एकत्र मिळतात. एखाद्या रंगाच्या लहरी जुळल्या तर तो रंग तेजस्वी होतो, न जुळल्या तर मावळतो. रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर दिसणारे रंग याच कारणाने दिसतात. लेप 40 ते 60 नॅनोमीटर असेल तर चमक रुपेरी येते. 60 ते 80 ला सोनेरी, 80 ते 100 ला लालसर, त्याच्या पुढे निळी आणि मग हिरवट. दोन्ही पदार्थ मुळात बिनरंगी, पण वीस नॅनोमीटरच्या फरकाने चांदीचं सोनं होतं.

टायटॅनियमऐवजी लोहाचा ऑक्साइड चढवला तर ब्रॉन्झ, तांबूस आणि वाइन रंगाच्या छटा मिळतात, कारण लोहाच्या ऑक्साइडचा स्वतःचा तांबडा रंगही त्यात मिसळतो. तांबडी माती ज्यामुळे तांबडी, त्याच पदार्थाची ही करामत. आणि जांभळ्या आयशॅडोत अनेकदा मँगनीज व्हायोलेट असतं. हे मँगनीजचं रंगद्रव्य 1868 मध्ये जर्मनीतल्या न्युरेंबर्ग इथे लायकॉफ यांनी तयार केलं.

मँगनीज म्हटलं की सौंसरकडे यावंच लागतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार या गावावरून एका खनिजाला त्यांनी 'सीतापाराइट' म्हटलं. ते खनिज म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइटच आहे, असं नंतर ठरलं, पण खनिजशास्त्राच्या इतिहासात गावाचं नाव राहिलं. अभ्रक, लोह, मँगनीज ही शिमर पॅलेटमधली मंडळी एकाच भूभागाच्या खडकांत एकत्र नांदताना बघायची असतील तर सौंसर पट्ट्यासारखी जागा नाही.

पोळ्याचं बेगड आणि मेटॅलिक नेलपॉलिश

शिमर आणि मेटॅलिक हे दोन शब्द दुकानात सरसकट वापरले जातात, पण त्यांच्यामागचं भौतिकशास्त्र वेगळं आहे. शिमरमधला अभ्रकाचा पापुद्रा अर्धपारदर्शक असतो. प्रकाश त्याच्या आत जाऊन परततो, म्हणून चमकेला खोली येते. मेटॅलिकमधला कण धातूचा असतो, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा. तो प्रकाश आत जाऊच देत नाही, वरच्यावर परतवतो. म्हणून मेटॅलिक नेलपॉलिश एकाच हातात नख पूर्ण झाकतं आणि शिमरला दोन-तीन हात लागतात.

धातूचा पातळ पत्रा लावून सजवायची कल्पना पांढुर्णा-सौंसरला नवी नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग देऊन वर बेगड चिकटवतात. बैलाच्या शिंगाचं बाहेरचं आवरण आणि माणसाचं नख दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे असतात. केराटिनवर धातूचा झळझळीत पापुद्रा बसवायचा, हा प्रश्न शेतकऱ्याने आणि नेलपॉलिशच्या कारखान्याने आपापल्या परीने सोडवला आहे.

कारखान्याची रीत अशी: प्लॅस्टिकच्या फिल्मवर निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात. थर काही दशक नॅनोमीटरचाच. मग तो फिल्मवरून सोडवून बारीक तुकडे करतात. हे तुकडे इतके पातळ आणि सपाट असतात की आरशासारखं 'क्रोम' नेलपॉलिश त्यांच्यामुळेच शक्य झालं. सोनेरी किंवा रोझ गोल्ड हवं असेल तर त्यात पारदर्शक रंग किंवा लोहाचा लेप असलेलं अभ्रक मिसळतात.

बाटलीत हे कण नायट्रोसेल्युलोज, इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांच्या मिश्रणात तरंगत असतात. जड कण तळाशी बसू नयेत म्हणून त्यात हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट ही प्रक्रिया केलेली चिकणमाती घालतात. स्थिर असताना ती मिश्रणाला घट्ट ठेवते आणि ब्रश फिरला की सैल होते. नखावर थर दिला की द्रावक उडू लागतो, ओला थर आकसून पातळ होतो आणि तिरके उभे असलेले कण दाबले जाऊन आडवे पडतात. पापुद्रे समांतर झाले की नख झळकतं. सौंसरच्या शिस्टमध्ये चिखलाचं अभ्रक झालं आणि दाबाने ते आडवं पडलं. नेलपॉलिशमध्ये चिकणमाती त्या पापुद्र्यांना सांभाळते आणि आकसणारा थर त्यांना आडवं पाडतो.

हे कळलं की लावण्याच्या पद्धतीतल्या बारीकसारीक गोष्टींनाही अर्थ येतो. मेटॅलिक नेलपॉलिशवर ब्रशच्या रेघा उठतात, कारण कण ब्रशच्या दिशेने वळतात. म्हणून मुळापासून टोकापर्यंत सरळ, लांब हात फिरवावा आणि अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश नेऊ नये. जाड थरात कणांना आडवं पडायला वेळ मिळत नाही, म्हणून दोन पातळ थर बरे. नखावर उभ्या रेषा असतील तर धातूची चमक त्या उठावदार करते. आधी बेस कोट द्यावा. बाटली जोरात हलवली तर हवेचे बुडबुडे शिरतात, ती तळहातांमध्ये फिरवावी.

रोजच्यासाठी छटा कशी निवडावी

मोतिया किंवा निळसर झाक असलेली आयशॅडो पांढऱ्या कागदाच्या एका तुकड्यावर आणि काळ्या कागदाच्या दुसऱ्या तुकड्यावर बोटाने ओढून बघा. काळ्यावर निळा रंग ठसठशीत दिसेल, पांढऱ्यावर जेमतेम. पापुद्रा निळा प्रकाश परतवतो आणि उरलेला पिवळसर प्रकाश आरपार सोडतो. खाली काळं असेल तर तो शोषला जातो आणि निळा एकटा दिसतो. खाली पांढरं असेल तर तो परत येतो आणि निळ्याला पुसून टाकतो. आपली त्वचा या दोन कागदांच्या मधली आहे, आणि प्रत्येकीची वेगळी. म्हणून दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघून शिमर विकत घेऊ नये. मनगटावर ओढून, दुकानाच्या बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघावं.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर रुपेरी-पांढरी चमक पुष्कळदा राखाडी दिसते, कारण टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा प्रकाश विखुरतो आणि त्वचेच्या उबदार रंगावर भुरका पडदा पडतो. लोहाचा लेप असलेल्या छटा त्वचेच्या रंगाच्याच बाजूने उभ्या राहतात. म्हणून रोजच्या वापरासाठी माझी पसंती स्पष्ट आहे: पापण्यांवर तांबूस किंवा ब्रॉन्झ सॅटिन, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात फिकट सोनेरीचा एक ठिपका, गालाच्या हाडावर बारीक कणांचा शॅम्पेन हायलायटर. जांभळाची आवड असेल तर वांगी रंगाकडे झुकणारी मँगनीज व्हायोलेट छटा दिवसाही शोभते. नखांना रोझ गोल्ड, शॅम्पेन किंवा मातकट कांस्य. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळाशी दिसू लागलेली कोर गडद मेटॅलिकमध्ये लगेच नजरेत भरते, तर त्वचेच्या जवळच्या छटांत ती मिसळून जाते. कामाच्या हातांना हे महत्त्वाचं आहे.

शस्त्रक्रियेच्या किंवा रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळी नेलपॉलिश काढून जावं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवतो आणि मधला रंगीत किंवा धातूचा थर त्या मोजणीत अडथळा आणू शकतो. हस्तकलेचं ग्लिटर डोळ्यांवर कधीच लावू नये. प्लॅस्टिकचे ते तुकडे कडांना धारदार असतात आणि बुबुळाला ओरखडा पडू शकतो. सुटी शिमर पावडर झटकताना श्वासात जाऊ देऊ नये, दाबून बसवलेली किंवा क्रीमच्या रूपातली घ्यावी.

लेबलवर काय शोधावं

प्रसाधनांच्या वेष्टणावर रंगद्रव्यांचे क्रमांक असतात आणि ते जगभर सारखेच असतात. सीआय 77019 म्हणजे अभ्रक. 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, 77491 तांबडा लोह ऑक्साइड, 77742 मँगनीज व्हायोलेट, 77163 बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, 77000 अ‍ॅल्युमिनियम. हे सहा क्रमांक पाठ असले की डबी उघडण्याआधीच तिच्यातली चमक अभ्रकाची की धातूची हे सांगता येतं. आपल्या देशात शिसं आणि आर्सेनिकची संयुगं वापरून रंगवलेल्या प्रसाधनांवर बंदी आहे. ती पाळली जाते की नाही याची खात्री बिनलेबलच्या मालात कुणीच देऊ शकत नाही. म्हणून आठवडी बाजारात ढिगातली डबी स्वस्त मिळाली तरी उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डोळ्यांजवळ नेऊ नये.

सौंसरच्या खडकांतलं अभ्रक बारीक पापुद्र्यांचं आहे आणि ते प्रसाधनांसाठी काढलं जात नाही. भारतातलं अभ्रक मुख्यतः झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह आणि शेजारच्या बिहारच्या नवादा भागातून, शिवाय आंध्र प्रदेश आणि राजस्थानातून येतं. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर झारखंड-बिहारमधल्या अनेक खाणी बंद पडल्या, पण टाकाऊ ढिगाऱ्यांतून आणि सोडून दिलेल्या बिळांतून अभ्रक वेचणं चालूच राहिलं. तिथे त्या तुकड्यांना 'ढिबरा' म्हणतात. ते वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात, आणि बिळं ढासळून जीव गेल्याच्या घटना 2016 मध्ये पत्रकारांच्या तपासातून जगासमोर आल्या. त्यानंतर 2017 मध्ये कंपन्या आणि संस्थांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केला.

दुसरा मार्ग कृत्रिम अभ्रकाचा. त्यात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोरीन असतं, घटक भट्टीत वितळवून सावकाश थंड केले की मोठे, नितळ स्फटिक मिळतात. लेबलवर ते 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' म्हणून छापलेलं असतं. त्याची चमक अधिक स्वच्छ असते, कारण नैसर्गिक अभ्रकातला लोहाचा पिवळसरपणा त्यात नसतो. पण सगळ्यांनीच कृत्रिम अभ्रकाकडे वळावं, असं म्हणून प्रश्न सुटत नाही. ढिबऱ्यावर पोट असलेल्या कुटुंबांची ती एकमेव कमाई असेल तर खरेदी थांबल्याने मुलं शाळेत जात नाहीत, उपाशी राहतात. कायदेशीर खाण, प्रौढांना पुरेशी मजुरी आणि मुलांना शाळा, हा तोडगा अवघड आहे, पण खरा आहे.

प्लॅस्टिकच्या ग्लिटरबाबत युरोपीय संघाने पाऊल उचललं आहे. सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर तिथे ऑक्टोबर 2023 पासून निर्बंध आले आणि ओठांच्या, नखांच्या प्रसाधनांतले सूक्ष्म प्लॅस्टिक कण हटवायला 2035 पर्यंतची मुदत आहे. अभ्रक हे खनिजच असल्यामुळे धुऊन गेलं तरी मातीत मिसळतं. या बाबतीत ते प्लॅस्टिकपेक्षा निश्चितच बरं.

आपल्या वेष्टणांवर आज अभ्रक आहे एवढंच छापलेलं असतं, ते कुठून आलं हे नसतं. संत्र्याच्या पेटीवर बागेचं गाव लिहायला आपण शिकलो, तसं अभ्रकाच्या खाणीचं गावही डबीवर आलं पाहिजे. ही मागणी ग्राहकांनीच करायला हवी, कारण चमक आपल्याला हवी आहे. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक बहुतेक डब्यांवर असतो. पुढची शॅम्पेन आयशॅडो किंवा रोझ गोल्ड नेलपॉलिश घेण्याआधी तो फिरवा आणि विचारा: यातलं अभ्रक कोणत्या खाणीतलं, आणि ते काढणाऱ्याला किती मजुरी मिळाली?